नऊ वर्षांचं काम, कोरा बायोडाटा : खानापूरच्या एका मेडिसिनल केमिस्टचं प्रकरण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी केलेली बरीच मुलं रानी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला जातात. काही हैदराबाद गाठतात. बहुतेकांना पहिली नोकरी मिळते ती सीआरओमध्ये, म्हणजे दुसऱ्या औषध कंपन्यांसाठी करारावर संशोधन करून देणाऱ्या कंपनीत. गावी कुणी विचारलं तर सांगायचं, 'नवीन औषधं शोधायच्या कंपनीत आहे.' त्यात खोटं काही नाही. पण शोधणं म्हणजे नेमकं काय आणि त्यातलं आपल्या वाट्याला किती येतं, हा प्रश्न सातव्या-आठव्या वर्षी पुढ्यात येऊन उभा राहतो. खालच्या प्रकरणात तो जरा जास्तच स्पष्टपणे उभा राहिला, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुलगी जांबोटीच्या बाजूच्या एका गावातली. तिचं नाव, कंपनी, क्लायंट यांतलं काही इथे येणार नाही. ज्या प्रथिनावर तिचा प्रकल्प होता त्याचं नाव तर तिने मलाही सांगितलेलं नाही, आणि ते योग्यच केलं. माझी नोकरी मुंबईत औषध संशोधनात झाली, आता बेळगावात टिळकवाडीत असतो, त्यामुळे अशी मुलं कुणाची तरी ओळख काढून घरी येतात.

तिचं शिक्षण आपल्याकडच्या चारचौघांसारखं. मराठी शाळा, मग बेळगावात कॉलेज, पुढे धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एमएस्सी. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, थोरला भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर. कन्नड बोलायला फर्डी, त्यामुळे बेंगळुरूत लॅबमधल्या टेक्निशियनपासून स्टोअरवाल्यापर्यंत सगळ्यांशी तिचं पहिल्या आठवड्यात जमलं. सीमाभागातल्या पोरांना हा एक फायदा असतो, तो आपण मोजत नाही.

काम कसं चालायचं ते आधी समजून घेतलं पाहिजे. सीआरओतला मोठा धंदा एफटीई पद्धतीने होतो. क्लायंट कंपनी दर केमिस्टमागे वर्षाचे ठरावीक पैसे मोजते आणि तेवढी माणसं तिच्या प्रकल्पाला लावून दिली जातात. क्लायंटकडून रेणूंच्या रचनांची यादी येते. केमिस्टने मार्ग शोधायचा, रिॲक्शन लावायची, ती कुठवर आली ते टीएलसीच्या पट्टीवर बघायचं, कॉलम करायचा म्हणजे हवा तो पदार्थ बाकीच्यांतून वेगळा काढायचा, एनएमआर आणि एलसीएमएस या यंत्रांवर शुद्धता दाखवायची आणि दहा-वीस मिलिग्रॅम पावडर बाटलीत भरून पाठवून द्यायची. ती पावडर पुढे कुठल्या एन्झाइमवर, कुठल्या पेशींवर तपासली गेली, चांगली निघाली की वाईट, हे पुष्कळ ठिकाणी बनवणाऱ्यापर्यंत परत येतच नाही. पुढच्या आठवड्यात पुढची यादी येते.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट भारतात बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचं ठेवलं. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या वाटेने, स्वस्तात कसा बनवायचा यात आपली माणसं पटाईत झाली आणि आपले अभ्यासक्रमही त्याच वळणाने गेले. 1 जानेवारी 2005 पासून रेणूवरचं पेटंट पुन्हा लागू झालं. परदेशी कंपन्यांना इथे निर्धास्तपणे काम पाठवता येऊ लागलं, आणि कॉलम करणारे कुशल हात तर आयते तयार होतेच. कुठला रेणू बनवायचा हे ठरवणारी डोकी मात्र बव्हंशी तिकडेच राहिली. इथे तसं कुणी केलंच नाही असं मी म्हणणार नाही. झायडसचं सॅरोग्लिटाझार 2013 मध्ये भारतात मंजूर झालं, आणि त्याचा शोध ते विकास असा सगळा प्रवास भारतीय कंपनीतच झाला होता. पण अशा जागा थोड्या, आणि त्यांच्या दारात पीएचडीवाल्यांची रांग.

पहिली काही वर्षं तिने गुपचूप कॉलम केले. हात चांगला होता. न निघणारी रिॲक्शन तिच्याकडे दिली की निघायची. मग चार-पाच जणांची टीम तिच्याकडे आली आणि क्लायंटच्या आठवड्याच्या कॉलवर तिला बसवायला लागले. तिथे पहिल्यांदा तिला डेटा दिसला. आपण बनवलेल्या प्रत्येक रेणूपुढे आकडे होते.

प्रकल्प एका ठरलेल्या अडचणीत अडकला होता. रेणू हव्या त्या प्रथिनाला छान धरत होते, पण एचईआरजी नावाच्या पोटॅशियम चॅनललाही चिकटत होते. हा चॅनल हृदयाच्या ठोक्यानंतर विद्युतभार पूर्ववत करतो. तो अडला की ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबतं आणि क्वचित जिवावर बेततं. टर्फेनाडीन हे ॲलर्जीचं एके काळचं खपाचं औषध याच कारणाने अमेरिकेत बाजारातून गेलं. शरीरात त्याच्यापासूनच तयार होणाऱ्या रूपाने, फेक्सोफेनाडीनने, त्याची जागा घेतली. दोघांत फरक म्हणाल तर एका टोकाला मिथाइलऐवजी कार्बोक्झिलिक ॲसिड. तेवढ्यावर चॅनलशी असलेला संबंध तुटला आणि ॲलर्जीवरचा गुण राहिला. मेडिसिनल केमिस्ट्री कशाला म्हणतात ते एका ओळीत सांगायचं तर मी हे उदाहरण देतो.

तिच्या प्रकल्पातल्या रेणूवर एक अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट, होतं, चांगलंच अल्कधर्मी. एचईआरजीला असे अमाइन आवडतात. क्लायंटचे लोक अमाइनच काढून टाकायचे प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी मूळ गुण जात होता, कारण प्रथिनातलं एक ॲसिड त्याच अमाइनला धरून होतं. कॉलवर तिने सुचवलं की काढू नका, नुसतं सौम्य करा. अमाइनपासून दुसऱ्या कार्बनवर एक फ्लोरीन बसवा. एका फ्लोरीनने अमाइनचा पीकेए, म्हणजे अल्कधर्मीपणाचं माप, साधारण दीड ते पावणेदोनने उतरतो. दोन बसवले तर ते इतकं सौम्य होईल की प्रथिनाचीही पकड सुटेल, हेही तिने आधीच सांगितलं होतं. क्लायंटने दोन्ही करून बघायला सांगितलं. करणं सोपं नव्हतं. अल्कोहोलवरून फ्लोरीन आणताना निम्मा माल पाणी टाकून अल्कीन हा नको असलेला पदार्थ होत होता, शिवाय फ्लोरीनमुळे नवं कायरल केंद्र, म्हणजे ज्याभोवती अणूंची मांडणी दोन तऱ्हांनी होते असा कार्बन, तयार होऊन दोन रूपं वेगळी करावी लागत होती. हात चांगला असल्याचा उपयोग इथे झाला. निकाल तिने सांगितल्याप्रमाणेच आले: दोन फ्लोरीनवाला मेला, एक फ्लोरीनवाल्याच्या एका रूपाने एचईआरजी बऱ्यापैकी सोडलं आणि मूळ गुण थोडाच घटला. तो उंदरांपर्यंत गेला.

आणि मग प्रकल्प बंद झाला. रेणूचा यात काही दोष नव्हता. क्लायंट कंपनीने त्या रोगक्षेत्रातूनच बाहेर पडायचं ठरवलं होतं. एका ईमेलवर टीम मोकळी झाली आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या क्लायंटची यादी आली. तिचे फ्लोरीनवाले रेणू पेटंटच्या अर्जापर्यंत पोचले नव्हते. शोधनिबंधाचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांनंतर बायोडाटावर लिहायला उरलं ते 'मल्टिस्टेप सिंथेसिसचा अनुभव', जे तिच्याबरोबर रुजू झालेल्या प्रत्येकाच्या बायोडाटावर असतं.

इथे पेटंटबद्दल एक गैरसमज दूर करतो. करारावर काम करणाऱ्याचं नाव पेटंटवर येतच नाही असं मुलांना वाटतं. मालकी क्लायंटची असते, बरोबर. पण शोधक कोण, हे कल्पना कुणाची यावरून ठरतं, पगार कोण देतं यावरून नाही. यादीतला रेणू सांगितल्याप्रमाणे बनवणारा शोधक ठरत नाही, मग त्याने त्यासाठी वर्षभर घाम गाळलेला असो. स्वतः रचना सुचवलेली असेल आणि ती दाव्यात असेल, तर मॅनेजरमार्फत हे विचारणं गैर नाही. तिच्या बाबतीत विचारायला काही उरलंच नाही, एवढंच.

ती माझ्याकडे आली तेव्हा तीन वाटा समोर होत्या. एक गोव्यातल्या एपीआय, म्हणजे औषधातला मूळ गुणकारी घटक बनवणाऱ्या, कारखान्याच्या प्रोसेस विभागातली; तिथे तो मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत बसवतात. पगार भरपूर, आणि चोर्ला घाट चढून आलं की जांबोटी वाटेवरच, म्हणजे शनिवारी संध्याकाळी घरी. दुसरी बेळगावात एखाद्या कॉलेजात शिकवण्याची. घरच्यांना ती सर्वांत पसंत, पण नेट, सेट किंवा पीएचडीशिवाय ती कायमस्वरूपी होत नाही. तिसरी बेंगळुरूतल्या एका छोट्या कंपनीत डिझाइनच्या, म्हणजे कुठला रेणू बनवायचा हे ठरवण्याच्या, जागेची. पगार गोव्याहून कमी, कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी, आणि जाहिरातीत 'पीएचडी असल्यास प्राधान्य'. कॉलेजचा विचार तिने स्वतःच फार वेळ केला नाही. स्थळांचा विषय घरात चालू होता, तोही तिने एका वाक्यात संपवला.

मी गोवा सुचवलं. अजूनही तिच्या जागी असलेल्या दहांपैकी सात-आठ जणांना मी तेच सुचवेन. डिस्कव्हरीतल्या पोरांना प्रोसेस म्हणजे दुय्यम काम वाटतं, त्यात काही अर्थ नाही. मिलिग्रॅममध्ये सुंदर चालणारी रिॲक्शन शेकडो लिटरच्या रिॲक्टरमध्ये उष्णता सोडते तेव्हा खरी अक्कल लागते. कॉलम तिथे परवडत नाही, स्फटिक पाडूनच शुद्ध करावं लागतं. आणि बारीकसा बदल किती महागात पडतो हे 2018 मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. रक्तदाबाच्या वालसार्टनमध्ये एनडीएमए हे बहुधा कर्करोगकारक असलेलं रसायन सापडलं, कारण एका चिनी उत्पादकाने पद्धत बदलली होती. रेणूतलं टेट्राझोल हे वलय बनवायला डीएमएफ हा सॉल्व्हंट, आणि त्यासाठी वापरून उरलेलं ॲझाइड मारायला नायट्राइट. डीएमएफमधून थोडं डायमिथाइलअमाइन सुटतं, ते नायट्राइटला भेटलं की एनडीएमए. उत्पन्न वाढवणारा बदल होता, आणि अनेक देशांतून माल परत बोलवावा लागला. ज्याला हे कागदावरच दिसलं असतं तो प्रोसेस केमिस्ट कुठल्या डिझायनरपेक्षा कमी?

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, कंपाउंड करायला मला काय जड नाही हो. पण कुठलं करायचं नाही, ते मला कुणी विचारतच नाही की. त्या एका वर्षात विचारालते, तेवढंच बरं वाटालतं बघा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेला वेळ त्या छोट्या कंपनीच्या मुलाखतीच्या तयारीत गेला.

अडचण अशी, की स्वतःच्या कामाबद्दल तिला जवळजवळ काहीच बोलता येत नव्हतं. रचना, प्रथिन, क्लायंट, सगळं गोपनीयतेच्या करारात. लॅबची नोटबुकं कंपनीच्या मालकीची, आणि तशीच ती असायला हवीत. तरी 'अमाइन सौम्य करून एचईआरजी कमी केलं, दोन फ्लोरीनचा पर्याय का नाकारला' एवढं रचनेविना सांगता येतं, आणि ते सांगायचं असं ठरलं. जायच्या आधी तिने मॅनेजरला विचारून घेतलं, एवढं बोललेलं चालेल का. बाकी अर्ध्या तासासाठी प्रसिद्ध झालेलं एखादं औषध घेऊन त्याची उकल करायची मुभा कंपनीने दिली होती. तिने कर्करोगावरचं इरिनोटेकॅन निवडलं.

निवड हुशारीची होती, आणि त्यात गावाचाही भाग होता. आपल्या घाटातल्या रानात नरक्या म्हणून झाड आहे, फुलांना घाण वास येणारं. खानापूर, चंदगड, आंबोलीकडच्या माणसांना ते नुसतं बघून ओळखता येतं, कारण एके काळी त्याची लाकडं बेकायदा तोडून ट्रक भरून बाहेर गेली आहेत. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून पुढे इरिनोटेकॅन झालं. हा रेणू 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. वाणी मूळचे नंदुरबारचे. आपल्या नरक्यात तोच रेणू असल्याचं टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्ये दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक होते.

मात्र झाडात रेणू सापडणं आणि औषध होणं यांत अठ्ठावीस वर्षं गेली, आणि तिने मुलाखतीत नेमका तोच काळ उलगडला. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं लॅक्टोन वलय उघडून सोडियमचा क्षार रुग्णांना दिला गेला. विरघळला छान. पण गुण त्या बंद वलयातच होता, त्यामुळे परिणाम अत्यल्प, आणि मूत्राशयात रक्तस्राव होण्याइतकी विषबाधा. काम थांबलं. 1985 मध्ये हा रेणू टोपोआयसोमरेझ वन या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो हे कळलं आणि विषय पुन्हा जिवंत झाला. दुसरी वाट म्हणजे वलयाला हात न लावता रेणूच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळणारा गट जोडायचा, हा निर्णय. जपानी रसायनतज्ज्ञांनी दहाव्या स्थानी कार्बामेट हा गट लावून इरिनोटेकॅन केलं. शरीरात तो तुकडा गळतो आणि एसएन-38 हा खरा मारक रेणू सुटतो. जपानमध्ये ते 1994 मध्ये आलं, अमेरिकेत 1996 मध्ये, त्याच वर्षी त्याच कुळातलं टोपोटेकॅनही.

पॅनेलवरच्या एकाने विचारलं, मग जुलाबाचं काय? इरिनोटेकॅनचा तो मोठा त्रास. तिने सांगितलं की एसएन-38 वरच्या हायड्रॉक्सिल गटाला यकृत साखर जोडून निष्क्रिय करतं, पण आतड्यातले जिवाणू ती साखर तोडून रेणू पुन्हा मोकळा करतात. शिवाय यूजीटी1ए1 या एन्झाइमची काही जनुकीय रूपं असलेल्या माणसांत साखर जोडण्याचं कामच मंद चालतं, त्यांना औषध अधिक बाधतं. पुढचा प्रश्न, तू काय बदलशील? ती म्हणाली, तो हायड्रॉक्सिल झाकत बसण्यात मी वेळ घालवणार नाही, तो नसलेला सांगाडा घेईन. एक्झाटेकॅन या त्याच कुळातल्या रेणूत तो नाही. आणि रेणू सगळ्या शरीरात सोडायचाच कशाला, अँटिबॉडीला बांधून गाठीपर्यंत नेऊ. 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅनमध्ये एक्झाटेकॅनचाच वंशज बसवलेला आहे.

हे उत्तर तिचं स्वतःचं म्हणता येणार नाही, कुणीतरी ते करून झालं आहे. पण नऊ वर्षं यादीप्रमाणे पावडरी पाठवणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं, हे पॅनेलला त्यातून दिसलं असावं. जागा मिळाली.

घरी हे सांगणं मुलाखतीहून अवघड गेलं. भावाचा मुद्दा सरळ होता: पगार कमी, घर लांब, आणि कंपनी उद्या असेल-नसेल. तो चुकीचा नव्हता. वडिलांनी एकच विचारलं, "मग आता तरी औषध येतंय की नाही तुझं?" तिने त्यांना खरं ते सांगितलं. सुरुवातीपासून बाजारापर्यंत दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंतला साधारण एकच बाजारात येतो. त्याच्या आधीच मेलेल्यांची तर गणतीच नाही. तिच्या निवृत्तीपर्यंत तिच्या हातचं एकही औषध आलं नाही तरी ते या धंद्यात सर्वसाधारण धरलं जातं. वडील, म्हणजे आण्णा, म्हणाले, "आमच्या शाळेतली पोरंबी सगळी कुठं पास होतात." विषय तिथे मिटला, निदान त्या दिवसापुरता.

आता तिथे रुजू होऊन तिला वर्षावर काळ लोटला आहे. स्वतःच्या हाताने रिॲक्शन लावायचे दिवस कमी झालेत, त्याची तिला चुटपुट लागते. तिची कंपनी लहान, म्हणून बनवण्याचं काम बाहेर जातं, हैदराबादच्या एका सीआरओकडे. म्हणजे यादी आता ती पाठवते. तिथल्या केमिस्टना तिच्या वरिष्ठांची परवानगी काढून ती मागच्या रेणूंचे आकडे यादीबरोबर पाठवते, रचनेत काय बदललं आणि का, याच्या दोन ओळींसह. तिकडच्या एका मुलाने एकदा कळवलं की यादीतला अमुक रेणू बनवायला सहा पायऱ्या आहेत आणि डेटा बघता तो वाईटच निघणार, त्याऐवजी शेजारचा दोन पायऱ्यांत होतो. तिने यादी बदलली.

पहिला प्रकल्प मात्र बंद पडला. या वेळी कारण रेणूच होता, उंदरांच्या यकृतात तो टिकत नव्हता, आणि बंद करायची शिफारस करणाऱ्यांत ती होती. तिच्या एका रचनेवर पेटंटचा अर्ज गेला आहे. दाखल केल्यापासून अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होईल, तोवर बायोडाटावर तेही लिहिता येत नाही.

गोव्याची जागा तिच्याच बॅचच्या निपाणीच्या एका मुलाने घेतली. त्याचं उत्तम चाललंय, स्केल-अपमध्ये रमला आहे, आणि पगारही तिच्याहून जास्त. पीएचडी न करता या बाजूला फार वर जाता येत नाही हे तिला माहीत आहे. नोकरी सांभाळून नोंदणी करायची कंपनीची तयारी आहे, पण गाइड मिळायला हवा आणि विषय कंपनीच्या गोपनीय कामाबाहेरचा हवा. ती सध्या धारवाडमधल्या दोन प्राध्यापकांशी बोलते आहे.